आंबा घाटात गाडी झुलते, स्प्रिंग बदलू की शॉकअप की दोन्ही?

भाट्येकर:
नमस्कार मंडळी. रत्नागिरीतून लिहितोय. मे महिन्यात एक सेकंडहँड टू सीटर घेतली, २०१२ची, जर्मन, मागच्या चाकांवर चालणारी. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण गावात अशी एकच आहे आणि आमच्या तीर्थरूपांना अजून वाटतंय की ती मित्राची आहे आणि मी फक्त सांभाळतोय. ७८ हजार किमी झालेत, टायर १८ इंची, पुढे २२५/४० मागे २५५/३५, रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे).

प्रॉब्लेम असा की हायवेला एकदम मस्त पण मलकापूरकडून आंबा घाट उतरताना वळणातच एखादा उंचवटा आला की मागची बाजू दोन-तीनदा वरखाली झुलते आणि तेवढ्यात स्टिअरिंग परत सावरावं लागतं, बायको शेजारी असली की दरवाजाचं हँडल धरून बसते. आरे-वारेच्या उतारावर ब्रेक मारला की नाक पण जाम खाली जातं. एक गॅरेजवाला म्हणतो लोअरिंग स्प्रिंग टाका, ३० एमएम खाली बसेल, शॉकअप आहेत तेच राहू देत. दुसरा म्हणतो पूर्ण कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग-शॉकअप एकत्र आणि नटने उंची बदलता येणारे. बजेट ओढूनताणून दीड लाख. ट्रॅकवर जाणार नाही, महिन्यातून दोनदा कोल्हापूर आणि रविवारी पहाटे गणपतीपुळे, बस. काय करू?

कोपरा_कापू:
पुण्याहून. कॉइलओव्हर टाक आणि मोकळा हो राव. उंची पाहिजे तशी, डॅम्पिंग (झुलणं मारायचा जोर) पाहिजे तसं, नट फिरवला की झालं. माझी ४० एमएम खाली आहे, वळणात रुळावर असल्यासारखी जाते. स्पोर्ट्स कार घेऊन शोरूमच्या उंचीवर फिरवायची असेल तर मग सेडानच घ्यायची ना.

कुडाळचो_डंपर:
रे झिला, आधी माका इचार, मग पैशे घाल.

हेच केलं होतं मी. नुसत्या लोअरिंग स्प्रिंग, शॉकअप जुनेच. पहिले दोन आठवडे काय रुबाब, पेट्रोल पंपावर पोरं फोटो काढायची. मग जुलै आला. आमच्याकडे प्रत्येक शाळेसमोर, प्रत्येक देवळासमोर आणि कधी कधी नुसत्याच माडासमोर गतिरोधक असतो, आणि तो बनवणाऱ्याच्या मनात त्या दिवशी जेवढं आलं तेवढा उंच. एकावर इंजिनखालचा ऑइल चेंबर टेकला, तडा गेला, ऑइल सगळं रस्त्यावर आणि गाडी टेम्पोवर. वर तीन महिन्यात मागचे दोन्ही शॉकअप तेल गाळायला लागले. स्प्रिंग काढून परत जुन्या बसवल्या, मजुरी दोनदा गेली. नवीन स्प्रिंग अजून माळ्यावर आहेत, कोणाला हव्या असतील तर सांगा (नको घेऊ).

परशुराम_घाट:
चिपळूणचा आहे, गेली बरीच वर्षं सस्पेन्शनच्या कामावरच पोट भरतो. जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

भाट्येकर, तुम्ही लिहिलंय त्यात उत्तर आहे. "दोन-तीनदा झुलते". गाडीचं वजन स्प्रिंग धरते, शॉकअप वजन धरत नाही, त्याचं काम फक्त झुलणं मारायचं. ओटीवरचा झोपाळा पायाने न थांबवता सोडून दिला तर कसा झुलत राहतो, तसं तुमचं मागे चाललंय. म्हणजे पाय (शॉकअप) थकलेत, कड्या (स्प्रिंग) ठीक आहेत. ७८ हजार किमी आणि तेही आपल्या रस्त्यांवर, त्यात आश्चर्य काहीच नाही. अशा शॉकअपवर आणखी कडक स्प्रिंग टाकली की झुलणं थांबत नाही, उलट जास्त जोराने आणि जास्त घाईत झुलते. हिशोब सांगतो. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर झुलण्याचा वेग साधारण १४ टक्के वाढतो, वर्गमुळाचा मामला आहे, आणि आधीसारखा ताबा ठेवायला शॉकअपचा जोर पण तेवढाच वाढायला लागतो. तुमच्या शॉकअपचा जोर आधीच उतरलाय. कुडाळच्या भावाचे तीन महिन्यात का गेले ते समजलं असेल. शिवाय गाडी खाली बसली की शॉकअपचा रॉड कायम आत दबलेला, थोड्या धक्क्यात बम्प स्टॉपच्या रबरावर आपटतो. वळणात असताना रबर लागलं की त्या चाकाची स्प्रिंग एकदम दगड होते आणि टायरची पकड सुटते. लोक याला "गाडी कडक झाली" म्हणून खूश होतात.

आता खाली बसवण्याचा फायदा तरी किती ते बघा. वळणात वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं ते गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यावर ठरतं, स्प्रिंगवर नाही. समजा ती उंची ५०० एमएम आहे आणि तुम्ही ३० ने खाली आणली तर बदल ६ टक्क्यांचा. बरा आहे, पण चेंबर फोडण्याइतका नाही. आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग-शॉकअपचा एकच खांब) असेल तर खालचा आर्म आडवा किंवा उलटा कलतो, गाडी जेवढी खाली येते त्यापेक्षा रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात कलते तो) जास्त खाली पडतं, म्हणजे त्याच्यापासून गुरुत्वमध्यापर्यंतचा झुकवणारा दांडा उलट लांब होतो. नव्या स्प्रिंगचा काही कडकपणा हे भरून काढण्यातच जातो.

माझं मत: उंची कंपनीचीच ठेवा, स्प्रिंग तुटल्या किंवा गंजल्या नसतील तर त्याच ठेवा, चारही शॉकअप चांगले मोनोट्यूब घ्या. शॉकअप बनवणाऱ्या बिल्स्टीनचं उदाहरण देतो कारण त्यांची नावं सोपी आहेत. बी४ म्हणजे गाडीबरोबर आलेल्यासारखाच, बी६ म्हणजे मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी जास्त जोराचा, बी८ म्हणजे तोच पण रॉड आखूड, खाली बसवलेल्या गाडीसाठी. तुम्हाला बी६च्या जातीचा पाहिजे. कोणी बी८ गळ्यात मारत असेल तर मूळ स्प्रिंगवर तो घेऊ नका. मोनोट्यूबमध्ये गॅस आणि तेल वेगळं ठेवणारा तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे खराब रस्त्यावर अर्धा तास हाणली तरी तेलाला फेस येत नाही, आणि घाट उतरून साखरप्याला येईपर्यंत शॉकअप तसाच काम करतो.

त्याबरोबर वरचे माउंट (शॉकअप गाडीच्या बॉडीला जोडणारे), बम्प स्टॉप, धूळ-रबर नवीन. जुन्या माउंटवर नवा शॉकअप बसवणारा मेकॅनिक दिसला तर चहा न पिता निघा. मागच्या आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) रॅम्पवर गाडी घेऊन पहारीने हलवून बघायला सांगा, तुमची अर्धी तक्रार तिथेही असू शकते. नाक खाली जाणं नव्या शॉकअपने कमी होईल, पूर्ण जाणार नाही.

कोपरा_कापू:
दादा मान्य आहे पण कॉइलओव्हर मूळ उंचीच्या जवळ पण सेट करता येतात ना? सगळे काय ४० खाली घालत नाहीत.

परशुराम_घाट:
करता येतात की. पण मग त्या नटचे पैसे कशाला द्यायचे? आणि बऱ्याच किटची रेंजच मूळ उंचीच्या २०-३० एमएम खालून सुरू होते. तुम्ही ट्रॅकवर जात असाल तर तुमचा प्रश्न वेगळा आहे.

मिरकरवाडा_जेटी:
आमची लाँच आहे, गाडीतलं फार कळत नाही पण गंजातलं कळतं. आमच्याकडे कॉइलओव्हरवाली एक गाडी यायची, दोन पावसाळ्यानंतर तो उंचीचा नट हलेचना. खारा वारा आणि जांभ्याची लाल माती आट्यात बसली की सिमेंट. मालक हातोडी घेऊन बसायचा. घ्यायचेच असतील तर स्टेनलेस बॉडीवाले घ्या, केडब्ल्यू कंपनीचे तसे येतात, नायतर आट्यांना ग्रीस लावून वर कव्हर घाला. आणि काही पण बसवा, पावसाळ्यात आठवड्याला एकदा गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. आम्ही इंजिन धुतो तसं. स्प्रिंगचं खालचं टोक जिथे बसतं तिथे माती साठते, तिथूनच गंजून तुटते.

नियमात_बसतं_का:
एक कोरडी गोष्ट. गाडीत बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, आणि परवानगी नसलेल्या बदलाला १८२ए खाली प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं लिहिलंय. मूळ उंचीवर त्याच मापाचा शॉकअप ही बदली धरली जाते, गाडी खाली बसवणं वेगळं. इन्शुरन्सवाल्याला आधी लेखी कळवा, क्लेमच्या वेळी सर्व्हेअर खाली वाकून बघतो. चालू द्या.

कुडाळचो_डंपर:
टायरबद्दल कोणीच काय बोललं नाही. ४० प्रोफाइलचा २२५ म्हणजे साइडवॉल ९० एमएम, त्यात रनफ्लॅट म्हणजे ती पण लाकडासारखी. मी साधे घातले आणि अर्धा कडकपणा तिथेच गेला. पण लक्षात ठेव, रनफ्लॅट हवा गेल्यावर पण ताशी ८०च्या आत चालवली तर ८० किमी ओढतात, आणि या गाड्यांना स्टेपनी नसते. साधे घातलेस तर पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर डिकीत ठेव, नायतर रात्री आंबा घाटात वानरांशी गप्पा मार.

भाट्येकर:
मंडळी, आज गाडी रॅम्पवर घेतली. मागचा डावा शॉकअप तेलाने ओला, उजवा बाहेरून कोरडा पण काढून हाताने दाबला तर आत गेला तो गेलाच, उसासा टाकून बसला. पुढचे अजून बरे आहेत. मागचे दोन्ही वरचे माउंट फाटलेले. बुश मेकॅनिकने हलवून दाखवले, एक खिळखिळा. मागच्या टायरवर आतल्या कडेला हात फिरवला तर उंच-सखल लागतं, हे पण शॉकअपमुळेच म्हणे. चारही मूळ उंचीच्या मोनोट्यूबचा भाव विचारला, माउंट आणि बुशसकट बजेटच्या थोडं वर जातंय. टायर पुढच्या पगारावर. पुढचे बरे आहेत तर फक्त मागचे दोन बदलून भागेल का? आणि बसवताना काही बघायचं का, मेकॅनिकने या गाडीचं हे काम आधी केलेलं नाही.

परशुराम_घाट:
पैसे कमी पडत असतील तर मागची जोडी आधी चालेल, पण त्याच जातीची पुढची जोडी लवकर करा. एका एक्सलवर एक नवा एक जुना मात्र कधीच नको.

बसवताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा, नव्वद टक्के लोक इथे चुकतात. रबर बुशचे बोल्ट गाडी रॅम्पवर लटकलेली असताना पक्के कसायचे नाहीत. नुसते लावून घ्या, चाकं जमिनीवर आणा किंवा आर्मखाली जॅक लावून गाडीचं वजन येऊ द्या, दोघं जण सीटवर बसवा, मग कसा. लटकत असताना कसले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. वरच्या नटला इम्पॅक्ट गन लावू देऊ नका, रॉड गरागरा फिरतो आणि आतलं सील जातं. मग शे-दोनशे किमी चालवा, आणि त्यानंतर चारही चाकांचं अलाइनमेंट, टाकी अर्धी भरून. प्रिंटआउट इथे टाका, मागचा टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) बघतो.