मदत हवी आहे: सनीव्हेल ते फ्रीमाँट, आई-बाबांसाठी बस-ट्रेन

आई (६६) आणि बाबा (७०) सहा महिन्यांसाठी माझ्याकडे कॅलिफोर्नियात आले आहेत. आठवड्यातून एकदा त्यांना फ्रीमाँटला मावशीकडे आपलं आपण जाता यावं, असं मनापासून वाटतं. घर सनीव्हेलच्या कॅलट्रेन (इथली लोकल ट्रेन) स्टेशनजवळ आहे.

नकाशात दोन मार्ग दिसले. एक, कॅलट्रेनने सॅन होजे डिरिडॉन, तिथून ५०० नंबरची रॅपिड बस बेरीएसापर्यंत, पुढे बार्ट (मेट्रोसारखी ट्रेन). दुसरा, कॅलट्रेनने उलट माउंटन व्ह्यू, मग ऑरेंज लाइनने (ट्रामसारखी लाइट रेल) मिलपिटस आणि बार्ट. दोन्हीकडे गाडी दोनदा बदलावी लागतेच. दुसऱ्या मार्गाने मी एकटा रविवारी जाऊन आलो. सोपा वाटला, पण माझे गुडघे शाबूत आहेत. आईला जिने जमत नाहीत. बाबांना इंग्रजी वाचता येतं, फोनवर नेट मात्र भरवशाचं नाही. कामाच्या दिवशी मला सोबत जाता येत नाही. उबर नको, दर आठवड्याला परवडणार नाही.

क्लिपरचं (इथल्या बस-ट्रेनचं भाडं भरायचं कार्ड) ६५ वर्षांवरील सवलतीचं कार्ड काढायचं आहे. दोघांकडे फक्त भारतीय पासपोर्ट आहे.

तेवढ्यावर कुणाच्या आई-वडिलांना ते कार्ड मिळालं आहे का? आणि दुपारच्या वेळी, लिफ्ट आणि कमी चालणं या हिशेबाने, यातला कुठला मार्ग निवडाल?