शब्दचर्चा: 'कोण' आणि 'काय'

नवी_टाचणी: राजकीय विचारवंत हाना आरेंटवरचा लेख मराठीत करतेय. 'द ह्युमन कंडिशन'मध्ये (१९५८) ती म्हणते की माणूस 'काय' आहे, म्हणजे हुद्दा, गुण, कसब, हे सांगता येतं. तो 'कोण' आहे हे मात्र चारचौघांत त्याच्या बोलण्या-वागण्यातून उघड होतं, आणि तेही इतरांनाच दिसतं, त्याला नाही. मी 'कोण' आणि 'काय' असंच ठेवलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडून लिहिलं, 'मराठीत उलटा अर्थ होतो'. होतो का?

वाटसरू: होतो की. आमच्या गावात "कोण रे तू?" विचारलं की पाठोपाठ "कुणाचा?" आणि मग आडनाव. आपलं 'कोण' म्हणजेच तिचं 'काय'.

जुनी_पेटी: अहो, 'व्यक्ती' असताना अडता कशाला? वि + अञ्ज्, उघड होणे. इंग्रजी 'पर्सन'चं मूळ 'पर्सोना', तो तर नटाचा मुखवटा! तिला हवं ते आपल्या शब्दात आधीच आहे.

वाटसरू: लिफ्टमध्ये 'क्षमता ६ व्यक्ती' लिहितात. तिथे उघड होतं ते वजन.

जुनी_पेटी: लिफ्टवाल्यांसाठी शब्द सोडून द्यायचा?

वाटसरू: बोलतात ते सगळे लिफ्टवालेच.

नवी_टाचणी: बरं, 'स्पेस ऑफ अपिअरन्स'? माणसं एकमेकांना दिसतात ती जागा. 'प्रकटन-अवकाश' लिहिलं तर यान सुटणार असं वाटतं. 'चव्हाटा'?

तिळगूळ: चव्हाट्यावर अब्रू येते हो! 'चावडी' बरी.

वाटसरू: चावडीवर कोण बसायचं आणि कोण खाली उभं राहायचं? अर्थात आरेंटच्या अथेन्समध्येही बायका आणि गुलाम या दिसण्याबाहेरच होते. त्या हिशेबाने चावडी फारच अचूक.

कोकणी_मेवा: सिंधुदुर्गात चव्हाटा हे देवाचं ठिकाण. नारळ ठेवतात. अब्रू घाटावर जात असेल.

जुनी_पेटी: चौ + वाट, चार वाटा मिळतात ती जागा. देव नंतरचा.

तिळगूळ: चौ + हाट असणार. 'ह' कुठून आला मग?

नवी_टाचणी: लेखात पुढे आद्रियाना काव्हारेरो ही इटालियन तत्त्वज्ञ आहे. तिचं उदाहरण होमरच्या महाकाव्यातलं: नायक ओडिसियस परक्या दरबारात गायकाच्या तोंडून आपलीच कथा ऐकतो आणि रडतो. ती म्हणते, आपली गोष्ट दुसऱ्याने सांगावी लागते. इथे 'चरित्र' की 'जीवनकथा'?

वाटसरू: ज्यांचं चरित्र लिहायला कुणी येणारच नव्हतं, त्यांनी 'आत्मकथन' लिहिलं. ते तुमच्या काव्हारेरोबाईंना विचारा.

नवी_टाचणी: विचारीन. पण शुक्रवारी लेख द्यायचाय. 'कोण'चं काय करू?

जुनी_पेटी: तिळगूळ, 'ह' मध्येच घुसतो हो, त्याला हाट लागत नाही.