मदत हवी आहे: गावातल्या पोरांसाठी पोलिसांचं वर्षभराचं प्रशिक्षण कसं मागायचं? (खटाव, सातारा)

अभ्यासिकावाली_ताई

नमस्कार मंडळी. खटाव तालुक्यातल्या एका गावात आम्ही काही जण ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अभ्यासिका चालवतो. येणारी पोरं-पोरी दहावी ते पदवीच्या वयाची, बहुतेक सगळी भरतीच्या मागे. पहाटे पुसेगाव रस्त्याला पळायचं, दुपारी अंकगणित आणि मराठी व्याकरण. रात्री मोबाईलवर काय चालतं ते विचारू नका.

अडचण त्या रात्रीचीच आहे. शेजारच्या गावात एका पोराने वाढदिवसाचा केक कोयत्याने कापला. मित्राने रील टाकली, गाणं लावून. गुन्हा दाखल झाला. पोरगा लेखीला चांगला होता, पण उद्या निवड झालीच तर चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मात हे लिहावं लागणार. दुसऱ्या एकाने ओळखीच्या माणसाला स्वतःचं बँक खातं काही हजारांवर 'वापरायला' दिलं. खातं गोठलं आणि परराज्यातल्या पोलिसांची नोटीस घरी आली. तोवर त्या घरात कुणाला कळलंच नव्हतं, की असं खातं देणं हा गुन्ह्यातला सहभाग धरला जातो. ही पोरं गुंड नाहीत हो. वर्दी घालायची स्वप्नं बघणारी आहेत, आणि त्याच वर्दीची वाट स्वतःच्या हाताने बंद करून घेतायत.

म्हणून वाटलं, हे पोलिसांनीच येऊन सांगावं. पण आजवर जे कार्यक्रम पाहिले ते असे: हार, शाल, नारळ, 'मोबाईलपासून लांब राहा, आईवडिलांचं ऐका', ग्रुप फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. शेवटच्या रांगेतली पोरं त्या वेळी मोबाईलच बघत असतात.

आम्हाला महिन्यातून एकदा, वर्षभर, पोरांनी प्रश्न विचारायचे आणि माहीतगार माणसाने उत्तर द्यायचं, असं काहीतरी हवंय. अर्ज कुणाकडे द्यायचा, ठाण्यात की थेट साताऱ्याला एसपी ऑफिसला? शाळेबाहेरच्या पोरांसाठी काही योजना आहे का? मुलींचं सत्र वेगळं घ्यावं का? सातारा-सांगलीकडे कुणी असं चालवलं असेल तर अनुभव सांगा.

एक आधीच सांगते. 'पोरांना पोलीस मित्र करा' हा सल्ला मिळालाय. शिट्टी देऊन गणपतीच्या बंदोबस्ताला उभं करणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

खाकी_निवृत्त

ताई, मी तासगावकडचा, सगळी नोकरी सांगली जिल्ह्यात झाली. अर्ज ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावाने द्या, प्रत एसपी साहेबांना. थेट वर गेलात तर तो कागद फिरून खालीच येतो, आणि खालच्या माणसाला वाटतं आपल्याला डावललं. आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

वेळ बघून मागा. गणपती, नवरात्र, निवडणूक, आणि तुमच्याकडे मार्गशीर्षात सेवागिरी महाराजांची पुसेगावची यात्रा. या दिवसांत बंदोबस्तातून माणूस सुटत नाही, कितीही मनात असलं तरी. 2 ते 8 जानेवारीचा आठवडा मात्र चांगला. 2 जानेवारी 1961 ला नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला, म्हणून तो पोलीस स्थापना दिन, 'रेझिंग डे'. त्या आठवड्यात ठाण्याला शाळांना बोलावून हत्यारं, श्वानपथक, कामकाज दाखवावंच लागतं. तेव्हा तुमची पोरं ठाण्यात घेऊन जा. स्टेशन डायरी कशी लिहितात, फिर्याद कशी घेतात, हे एकदा डोळ्याने बघितलं की निम्मी भीती जाते. सुरुवात तिथून करा आणि पुढचे महिने तिथंच बोलून ठरवा.

आणि गावाचं बळ दाखवा. आमच्या तासगावचे आर. आर. आबा गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम निघाली. ज्या गावाने मनावर घेतलं तिथं चालली, नाही घेतलं तिथं नुसता फलक राहिला. तुमच्या गावची समिती कागदावर तरी असेल. तिचं पत्र आणि पोलीस पाटलांची सही अर्जाला जोडा.

मिरजेच्या_बाई

मी शिक्षिका आहे. योजनेचं विचारलंत म्हणून: 'स्टुडंट पोलीस कॅडेट' ही योजना केरळात 2010 ला सुरू झाली आणि केंद्राने जुलै 2018 मध्ये ती देशभर नेली. आठवी-नववीच्या मुलांसाठी आहे. पुस्तक नाही, परीक्षा नाही, महिन्याला किमान एक वर्ग. रस्ता सुरक्षा, महिला आणि मुलांची सुरक्षितता, आपत्ती व्यवस्थापन, भ्रष्टाचार असे विषय, शिवाय मैदानावरची कवायत. तुमची मुलं वयाने मोठी, म्हणून तुम्हाला ती लागू होत नाही. पण तिचा साचा आयता आहे, तो उचला. अर्जात 'याच धर्तीवर' असं लिहिलंत की समोरच्या अधिकाऱ्याला नवीन काही डोक्यात घ्यावं लागत नाही. आणि गावच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना हाताशी धरून आठवी-नववीचं तिकडे सुरू होतं का तेही बघा.

कोरेगावकर

माफ करा, पण पोलिसांकडून एवढी अपेक्षा कशाला? एका ठाण्याखाली किती गावं, माणसं किती! दोन महिने येतील, तिसऱ्या महिन्यात फोन उचलणार नाहीत. त्यापेक्षा वडूजच्या कोर्टात जा, तालुका विधी सेवा समितीकडे. 1987 च्या कायद्याने कायदेविषयक जनजागृती हे त्यांचं कामच आहे, पैसे लागत नाहीत. वकील येतील, कधी न्यायाधीशही येतात. खातं भाड्याने देण्याचा विषय वकील जास्त नीट फोड करून सांगेल. पोलिसासमोर कुठलं पोरगं विचारणार आहे, 'मी दिलं असेल तर काय?'

अभ्यासिकावाली_ताई

कोरेगावकर, शेवटचा मुद्दा एकदम पटला, विधी सेवा समितीचं डोक्यातच नव्हतं. पण पोलीस सोडायचे नाहीत मला. या पोरांना वकिलाचं कौतुक नाही, फौजदाराचं आहे. जो उद्या आपला साहेब होऊ शकतो, त्याने सांगितलेलं ती ऐकतील.

कऱ्हाडची_लेक

मुलींचं सत्र वेगळंच घ्या, आणि खोलीत एकही पुरुष नको. सरपंचही नको, कौतुकाने बसायला येतील ते. निर्भया पथकातल्या महिला अंमलदारांना बोलवा. आमच्या कॉलेजात ते एकत्र घेतलं होतं, एकीनेही तोंड उघडलं नाही. नंतर मुली गेटबाहेर त्या मॅडमना गाठून बोलत होत्या.

अजून एक. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 107 मध्ये प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमायची तरतूद आहे, सहायक फौजदाराच्या खालचा चालत नाही. 'कुणाला तरी पाठवा' म्हणू नका, या पदाने मागा.

पॉक्सो, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, मुलग्यांना समजावणं जास्त गरजेचं आहे. अकरावीतली मुलगी 'स्वतःहून आली' म्हणून सुटका नाही. अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा मोजत नाही, हे एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना खरंच माहीत नसतं.

माणदेशी_पळपुटा

ताई मी स्वतः दोन भरत्या दिल्यात, म्हणून माझं ऐका. नुसता कायदा ठेवला तर पोरं एकदा येतील न् दुसऱ्या महिन्याला गायब. मैदानाला बांधा. मैदानी 50 मार्काची: पोरांना 1600 मीटर, पोरींना 800, मग 100 मीटर आन् गोळा. त्यात निम्मे मार्क पडले तरच लेखीचा दरवाजा उघडतो. गोळ्याचं तंत्र गावात कुणालाच येत न्हाई, सगळी नुसती ताकद लावत्यात न् खांदा धरून बसत्यात. नुकताच भरती झालेला एखादा अंमलदार मागा, तासभर गोळा शिकवायचा. मग घामाघूम पोरं तिथंच बसवून अर्धा तास कायदा. कुणी उठणार न्हाई. ललिता बाबर आमच्या माणातल्या मोहीच्या, रिओ ऑलिम्पिकची फायनल पळाल्या. इथल्या पोरांना पळायला सांगावं लागत न्हाई, पुढं काय ते सांगावं लागतं.

गडचिरोलीत पोलीस 'दादालोरा खिडकी' चालवतात, ठाण्यातूनच. दाखले, योजनांची माहिती, भरतीचं प्रशिक्षण, समदं. तिथं जमतं तर इथं का न्हाई, हे अर्जात लिवा.

खाकी_निवृत्त

शेवटचं वाक्य लिहू नका. तिथली परिस्थिती वेगळी, मनुष्यबळ वेगळं. तुलना केली की साहेब बिथरतो. बाकी गोळ्याची कल्पना झकास आहे.

अभ्यासिकावाली_ताई

सगळ्यांचे आभार. कच्चा मसुदा टाकते, काटछाट करा:

'प्रति, मा. प्रभारी अधिकारी. विषय: युवक-युवतींसाठी दरमहा मार्गदर्शन सत्र मिळणेबाबत. महोदय, आमच्या अभ्यासिकेतील विद्यार्थी पोलीस भरतीची तयारी करीत आहेत. स्टुडंट पोलीस कॅडेट योजनेच्या धर्तीवर दरमहा एक सत्र (एक तास मैदानी सराव, अर्धा तास कायदेविषयक प्रश्नोत्तरे) मिळावे. विषय: समाजमाध्यमे व शस्त्रांसंबंधीचे गुन्हे, बँक खात्याचा गैरवापर व सायबर फसवणूक (हेल्पलाइन 1930), पॉक्सो, अल्पवयीन वाहनचालक. मुलींसाठी निर्भया पथकाचे स्वतंत्र सत्र व्हावे. पहिली भेट पोलीस स्थापना सप्ताहात ठाण्यात व्हावी. सत्राच्या वेळी हारतुरे अथवा सत्कार ठेवला जाणार नाही.'

प्रश्न लेखी चिठ्ठ्यांवर, नाव न घालता घेणार आहोत. ज्या चिठ्ठ्या पोलिसांसमोर वाचण्यासारख्या नसतील त्या बाजूला ठेवून विधी सेवा समितीच्या वकिलांना विचारू. सत्काराचं वाक्य ठेवू का? घरचे म्हणतात उद्धट वाटतं.

मिरजेच्या_बाई

ठेवा, पण 'सत्राचा पूर्ण वेळ मार्गदर्शनासाठीच राखून ठेवला जाईल' असं लिहा. अर्थ तोच. आणि अल्पवयीन वाहनचालकाच्या सत्राला पालकांनाही बसवा. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पोरगं गाडीसह सापडलं की पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. हे ऐकून आमच्या शाळेच्या पालकसभेत एकदम शांतता पसरली होती.

माणदेशी_पळपुटा

सत्र बाजारच्या दिवशी ठेवू नका, पोरं माळवं घेऊन बाजारला जात्यात. आन् गोळे दोन आणा. पोरांचा 7.260 किलोचा, पोरींचा 4 चा. पोरांच्याच गोळ्यावर पोरींनी सराव केला की त्यांची फेक बिघडते.

अभ्यासिकावाली_ताई

4 किलोचा नाहीये आमच्याकडे. साताऱ्यात चांगला कुठे मिळेल? शनिवारी जातेय, अर्जाची प्रत एसपी ऑफिसला द्यायची आहेच.