मदत हवी आहे: मुलीसाठी पहिली १० मीटर एअर रायफल

मंडळी, मुलगी नववीत आहे, इथे कोल्हापुरातच नेमबाजी शिकते. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेंनी नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचतच नाही. आजवर क्लबची रायफल वापरली, आता स्वतःची घ्यायची आहे. ४.५ मिमी छऱ्याची आणि पीसीपी (म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबानं भरलेल्या हवेवर चालणारी), एवढं पक्कं. कंपनी कोणती घ्यावी: वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ की स्टायर? नियमात साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं, पण तिची चण लहान आहे. माझ्या मते हलकी आणि बट (खांद्याला टेकणारा भाग), चीकपीस (गाल टेकवायचा भाग) भरपूर मागंपुढं होणारी बरी. सेकंडहँड घेतली तर सिलिंडरची मुदत संपलेली नाही ना, याशिवाय काय काय तपासायचं? आणि पैसे कमी पडले तर रायफलीआधी नेमबाजीचं मापाचं जॅकेट घ्यावं का? कोल्हापूर-सांगलीत सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा कुठं भरून मिळते, तेही सांगा.