व्यसन आणि नैराश्य: भावाला उपचारांपर्यंत कसे न्यावे?

प्रश्न:
माझ्या थोरल्या भावाला दारूच्या व्यसनासोबत नैराश्यही आहे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे; परंतु लोक काय म्हणतील या धास्तीने घरात उपचारांचा विषयच निघत नाही आणि 'मनावर घेतलेस तर उद्या सुटेल' एवढेच त्याला ऐकवले जाते. काय करावे?

उत्तर १:
आधी एक सावधगिरी. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या व्यक्तीने दारू एकाएकी बंद केल्यास पहिल्या काही दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि प्रसंगी ते जिवावर बेतते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दारूचे अवलंबित्व हा आजार म्हणूनच नोंदलेला आहे, हे घरच्यांना अवश्य सांगा. पुढे ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे डॉक्टर देऊ शकतात. नैराश्याचे उपचारही सोबतच व्हावेत, कारण एकाकडे दुर्लक्ष झाले की दुसरे बळावते.

उत्तर २:
मी स्वतः या उपचारांतून गेलो आहे. औषधांपेक्षा ओळखीचे कोणी पाहील ही भीतीच मला अधिक जड गेली होती. बहिणीने उपदेश न करता 'मी सोबत येते' असे म्हटले, म्हणून मी गेलो. मध्येच पुन्हा पिणे घडले, तर कृपया त्याला दोष देऊ नका. मधुमेह्याची साखर वाढली की आपण उपचार बदलतो, तसेच इथेही करावे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. तो प्यायलेला नसेल अशा वेळी, सकाळीच, त्याच्याशी बोलतो आणि डॉक्टरांकडे स्वतः सोबत जातो.