मदत हवी आहे: सिनेमा येण्याआधी नार्निया कुठल्या पुस्तकापासून वाचू? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग नार्नियावर (सी. एस. लुईस या लेखकाची सात पुस्तकांची मालिका) सिनेमा करतेय हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेलच. नेटफ्लिक्सने २०१८ साली या पुस्तकांचे हक्क घेतल्याची बातमी आली, तेव्हापासून मी डोळे लावून बसले आहे. आधीचे तीन सिनेमे (२००५, २००८, २०१०) पाहिलेत. पहिला आवडला, पुढचे दोन ठीकठाक. या वेळी मात्र बाईंनी सुरुवातच 'द मॅजिशियन्स नेफ्यू'पासून केली आहे आणि माझी पंचाईत झाली आहे.

मुलगी पाचवीत, सेमी इंग्लिशला. अख्खी इंग्रजी कादंबरी एकटीने वाचणं तिला अजून जड जातं. म्हणून जेवणं आटोपली की मी वाचते आणि वाचता वाचताच मराठीत सांगत जाते. बर्डीवरून सातही पुस्तकांचा जुना संच आणलाय. त्याच्या कण्यावर 'मॅजिशियन्स नेफ्यू'ला १ नंबर दिलाय. पण लुईसने हे पुस्तक छापलं १९५५ साली, सातांत सहावं! पहिलं आलं ते कपाटवालं, 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब', १९५० साली.

(ज्यांनी वाचलं नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

मी कॉलेजात असताना आधी कपाटवालं वाचलं. लूसी नावाची मुलगी कपाटातल्या कोटांमधून वाट काढत जाते, पायाखाली बर्फ लागतो आणि भर जंगलात एक रस्त्यावरचा दिवा जळत असतो. तो तिथे कोणी लावला, काहून लावला, काही सांगत नाहीत. मी त्या दिव्यापाशीच अडकले, ती आजवर. 'नेफ्यू'मध्ये त्याचा उलगडा होतो: चेटकीण लंडनच्या दिव्याच्या खांबाची दांडी उपटून आणते, सिंहाला फेकून मारते आणि नव्या कोऱ्या मातीत ती दांडी रुजून दिवा उगवतो. हे पोरीला आधीच कळलं तर पुढे मजा काय उरली? पण सिनेमा तर तिला आधी हेच दाखवणार.

दुसरी गोष्ट जरा घरगुती आहे. 'नेफ्यू'मधल्या डिगरीची आई अंथरुणाला खिळलेली असते. वडील हिंदुस्थानात, त्यामुळे मायलेक मामा-मावशीकडे येऊन राहिलेले. (पहिली दोन पानं मी सहज वाचून दाखवली, तर बाईसाहेबांचा प्रश्न, "त्याचे बाबा कामठीच्या छावणीत असतील का गं?") पुढे जादूच्या सफरचंदाने आई बरी होते. आमच्याकडे सासूबाईंचं दुखणं बरेच महिने चाललंय आणि आजीच्या गोळ्यांच्या वेळा हीच पोट्टी सांभाळते. तिला हे आधी घरी वाचून दाखवावं, की थेट थिएटरात पाहू द्यावं?

आणि हो, मराठी अनुवाद कोणाकडे असेल तर वाचायला द्याल का? जपून परत करीन.

प्रतिसाद १
कपाट आधी. वादच नाही. 'नेफ्यू'ची निम्मी गंमत "अच्छा, म्हणजे हे असं होतं तर!" म्हणण्यात आहे. त्या सफरचंदाच्या बियांतून लंडनमध्ये झाड उगवतं, वादळात ते पडतं आणि त्याच्या लाकडाचं कपाट होतं. कपाटच ठाऊक नसेल, तर पोरीने त्या लाकडाचं काय करायचं?

प्रतिसाद २
असहमत. १९५७ साली एका अमेरिकन मुलाने हाच वाद लुईसला पत्रातून विचारला होता. त्याच्या आईचं मत छापील क्रमाचं, त्याचं कथेतल्या काळाचं. लुईसने मुलाची बाजू घेतली आणि वर असंही लिहिलं की क्रमाने फारसं बिघडत नसावं. तुमच्या संचावरचा १ नंबर त्याच मताचा. बाकी आपल्याकडे रामायण कोण क्रमाने ऐकतं? हनुमान आधी भेटतो, दशरथ मागून.

प्रतिसाद ३
ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. लुईसची स्वतःची आई १९०८ मध्ये कॅन्सरने गेली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. म्हणून त्या प्रसंगात कुठे खोटा गोडवा नाही. डिगरी आईसाठी काही तरी मागतो, पण सिंह लगेच "घे" म्हणत नाही. मुलगा मान वर करून बघतो तर सिंहाच्याच डोळ्यांत पाणी. पुढे बागेत चेटकीण त्याला सफरचंद चोरून आईकडे न्यायला फूस लावते, आणि तो नेत नाही; आईला बरं करणारं सफरचंद त्याला नंतर सिंहच देतो. हे घरीच वाचा. थिएटरात पोरीने काही विचारलं तर मागच्या रांगेतले शुक् शुक् करतील. घरी पुस्तक मिटून बोलता येतं.

नागपूरचं सांगायचं तर अशा सिनेमांचे हिंदी डबचे खेळ भरपूर लागतात. मूळ इंग्रजी हवं असेल तर पहिला शनिवार-रविवार गाठा. नंतर एखादाच खेळ उरतो, तोही रात्री साडेदहाचा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. कपाटवालं कालच काढलं. ते संपलं की 'नेफ्यू', मधली पुस्तकं तूर्त बाजूला. प्रतिसाद २, लुईसने मुलाचं ऐकलं हे आमच्या घरी कळू देणार नाही, आधीच डोक्यावर बसली आहे.

प्रतिसाद ३, तुमचं सासूबाईंना वाचून दाखवलं. आता रात्री वाचताना त्यांचीही खुर्ची आत ओढायची आहे. त्यांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे सिनेमाला हिंदी डबच बघावं लागेल. डबचे सकाळचे खेळ कुठे असतात आणि कुठल्या थिएटरात लिफ्टपासून सीटपर्यंत पायऱ्या कमी आहेत, हे कोणी सांगेल का?