मदत हवी आहे: हृदयाचे ठोके पुन्हा पुन्हा बिघडतात आणि गोळ्याही सोसत नाहीत

नमस्कार मंडळी,

तीन वर्षांपासून मला एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे वरचे कप्पे अनियमित धडधडण्याचा आजार) आहे. दोनदा शॉक देऊन ठोके ताळ्यावर आणले, पण काही महिन्यांत पुन्हा तेच. बहुतेकदा रात्रीच सुरू होतं. छातीत पाखरू फडफडल्यासारखं वाटतं, मनगटावर बोटं ठेवली तर दोन ठोके घाईचे, मग एक गाळलेला, मोजताच येत नाहीत. मग पहाटेपर्यंत उशीला टेकून बसून राहते.

मेटोप्रोलॉल या ठोके मंद करणाऱ्या गोळीने नाडी ५० च्या खाली जायची, एक जिना चढला तरी पाय गळून जायचे. आता आठ महिने अमिओडॅरोन ही ठोके नियमित ठेवणारी गोळी चालू आहे. ठोके खरंच आवरलेत, ते नाकारत नाही. पण दहा मिनिटं उन्हात गेलं तरी हात भाजल्यासारखे लाल होतात, आणि आता टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलाय. या गोळीत आयोडीन भरपूर असतं, म्हणून थायरॉइड बिघडतो. शिवाय बंद केली तरी ती कित्येक आठवडे, महिने अंगात राहते, त्यामुळे 'थांबवून बघू' म्हणणंही सोपं नाही.

डॉक्टर अ‍ॅब्लेशन सुचवतात, म्हणजे नळी घालून हृदयातला ठोके बिघडवणारा भाग निकामी करणं. ज्यांनी करून घेतलंय त्यांना विचारायचंय: नंतर गोळ्या किती कमी झाल्या? पुन्हा करावं लागलं का? रक्त पातळ करणारी गोळी चालूच ठेवावी लागली का? (ती मी स्वतःहून बंद करणार नाही, काळजी नसावी.)

आणि रात्री ठोके सुरू झाले की मनातली भीती तुम्ही कशी आवरता? मला सगळ्यात जास्त याचंच उत्तर हवंय.